मागूर सोडायचे की सोडायचे

आमच्या आप्पांचा शेवटचा शब्द 'सोड' हा होता, आणि दोन अक्षरांच्या त्या शब्दावर आमचं घर फुटायची वेळ आली होती.

आधी तळ्याचं सांगतो. शहर संपलं की जालना रोडला पुढं आमचं शेत आहे. तिथं दोन एकर मोसंबी, आणि मोसंबीसाठी प्लॅस्टिकचा कागद अंथरलेलं शेततळं. शेत माझा धाकटा भाऊ दिलीप बघतो. मी मुकुंदवाडीत राहून एका सरकारी कचेरीत आवक-जावक बघतो. म्हणजे दिलीप घाम गाळतो आणि मी सल्ले देतो. ही वाटणी आमच्यात पहिल्यापासून ठरलेली आहे आणि तिच्याबद्दल दिलीपनं कधी तक्रार केली नाही. (त्यानं सल्ले ऐकलेही नाहीत, ही गोष्ट वेगळी.)

मागूर हा मासा मला एका कृषी प्रदर्शनात भेटला. मी तिथं खरं तर हुरडा खायला गेलो होतो. एका काचेच्या टाकीत वीतभर पाणी आणि त्यात हा काळाकुट्ट, मिशाळ, खवल्यांचा पत्ता नसलेला प्राणी. आमच्या कचेरीतले मोठे साहेब जेवणानंतर जसे बघतात, तसा तो माझ्याकडे बघत होता. टाकीवाल्या माणसानं सांगितलं, की हा मासा कमी पाण्यात जगतो, गढूळ पाण्यात जगतो, पाणी अगदी आटलं तरी वर तोंड काढून हवा पितो आणि चिखलात दिवस काढतो. माझ्या अंगावर काटा आला. मराठवाड्यासाठी देवानं खास घडवलेला मासा, आणि आम्ही इतकी वर्षं त्याच्याविना राहत होतो! मी तिथल्या तिथं बोटुकलीसाठी, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लांसाठी, नाव लिहून दिलं.

दिलीपनं ऐकलं आणि तो आधी फवारणीचा पंप धूत राहिला. मग म्हणाला, की तळं मोसंबीसाठी आहे, मिशीवाल्यांसाठी नाही. हा मासा चिखलात तोंड घालतो, उद्या कागद फाडला तर पाणी जमिनीत आणि बाग चुलीत. शिवाय त्याच्या ऐकण्यात आलं होतं की मागुरावर बंदी आहे. बंदी थाई मागुरावर आहे, आपला देशी मागूर अगदी सज्जन असतो, हे मी त्याला तीन वेळा समजावलं. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "दादा, तू ओळखतो का त्याला? भेटला का कधी?" मी म्हटलं, एकदा भेटलोय. त्यावर त्यानं पंप उचलला आणि तो बागेत निघून गेला.

राहिले आप्पा. तळं त्यांच्या नावावर, शेत त्यांच्या नावावर, तेव्हा निकाल त्यांनी द्यायचा. पण आप्पांकडून शब्द काढणं म्हणजे कोरड्या बोअरमधून पाणी काढणं. लहानपणी ते निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत जायचे. उर्दू जेमतेम लिहायला आली तोवर पोलीस ॲक्शन झालं, शाळा मराठी झाली आणि आप्पांना पुन्हा 'अ' पासून बसवलं. तेव्हापासून दोन्ही भाषा जपून वापरायच्या असं त्यांनी ठरवलं असावं. मागुराच्या बाबतीत वर्षभर ते एकच शब्द बोलले, "बघू." मी विचारलं की बघू. दिलीपनं विचारलं की बघू. मी त्याचा अर्थ 'हो' असा घेतला, दिलीपनं 'नाही' असा, आणि असं आमचं वर्षभर छान चाललं होतं.

मग फाल्गुनात आप्पांच्या छातीत कफ झाला आणि त्यांना दवाखान्यात ठेवलं. आठ दिवस. या आठ दिवसांत दिलीपनं औषधांसाठी जिन्यांची चढ-उतर केली, माझ्या बायकोनं, सुमननं, डबे पोचवले, भात भरवला, आणि मी आप्पांच्या खाटेपाशी स्टुलावर बसून राहिलो. मला दुसरं काहीच येत नव्हतं. आमच्या घरात बापलेकांनी बोलायची पद्धत नाही. तब्येत कशी आहे हे विचारावं तर ती दिसतच होती. बरे व्हाल म्हणावं तर आप्पांना खोटं आवडायचं नाही. म्हणून मी मागुराबद्दल बोलायचो. तो काय खातो, कधी वाढतो, मिशा किती असतात. आठव्या दिवशी बोलता बोलता मिशाही सांगून संपल्या आणि काहीतरी विचारायचं म्हणून मी विचारलं, "आप्पा, मागूर सोडू का?"

आप्पांनी डोळे उघडले. माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "सोड."

आयुष्यात त्यांनी मला एवढं स्पष्ट उत्तर पहिल्यांदा दिलं होतं. दहावीनंतर कोणती लाइन घेऊ, विचारलं होतं तेव्हा बघू. सुमनचा फोटो दाखवला तेव्हा बघू. आणि आता, सोड! मला रडू आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला ते गेले.

बाहेर लिफ्टपाशी दिलीप भिंतीला टेकून उभा होता. त्याला धीर यावा म्हणून मी त्याला आप्पांचं ते शेवटचं बोलणं सांगितलं. त्यानं उपरण्यानं तोंड पुसलं आणि मान हलवली. म्हणाला, "बरं झालं. शेवटाला तरी आप्पा तुला बोलले."

"काय बोलले?"

"हेच की. सोड म्हनले ना ते मागुराचं खूळ?"

मराठी भाषा घडवणारे लोक हुशार असतील, पण त्यांनी तळ्यात मासे सोडणं आणि माशांचा नाद सोडणं या दोन्हींना एकच शब्द ठेवायला नको होता. तेव्हा मात्र मी वाद घातला नाही. आप्पा आत होते, कागदांवर सह्या करायच्या होत्या, आणि मला वाटलं, चार दिवसांनी सांगू समजावून.

दहाव्याला आम्ही कायगावच्या घाटावर गेलो. तिथं कावळ्यांना तोटा नाही, पण त्या दिवशी आमच्या पिंडाकडे एकही फिरकेना. शेजारच्या मंडळींचा कावळा मिनिटभरात शिवला, ते भांडी आवरून निघालेसुद्धा. आम्ही उन्हात हात जोडून उभे. गुरुजी म्हणाले, इच्छा राहिली असेल, बोला काहीतरी. मग आमची बोली सुरू झाली. दिलीपनं सांगितलं, बाग सांभाळतो. सुमननं सांगितलं, सगळ्यांचं बघते. आप्पांची थोरली बहीण, म्हणजे आमची आत्या, पन्नास वर्षांपासून माळकरी. तिनं एकादशीचं काहीतरी कबूल केलं. कावळे निवांत. एक तर आमच्याकडे पाठ करून बसला होता. अर्धा तास गेला. शेवटी गुरुजींनी घड्याळ बघितलं आणि विचारलं, की शेवटी त्यांच्याजवळ कोण होतं?

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी एक पाऊल पुढं झालो आणि म्हणालो, "आप्पा, तुम्ही म्हणालात तसं. सोडतो."

शब्द पुरता व्हायच्या आत कावळा उतरला आणि त्यानं पिंडाला चोच लावली. आत्यानं मोठ्यानं विठ्ठलाचं नाव घेतलं. लोकांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, जिनं आजवर कचेरीत, घरात किंवा शेतात कुणीच बघितलं नव्हतं.

परतीच्या जीपमध्ये दिलीप माझ्याशेजारी बसला आणि त्यानं माझ्या खांद्यावर हात टाकला. लहानपणानंतर पहिल्यांदाच. म्हणाला, "दादा, तुला जड गेलं आसंल." मी म्हटलं, जड कसलं, आप्पांचीच इच्छा होती. तो रडला, मी रडलो. गंगापूर फाट्यापासून वाळूजपर्यंत आम्ही दोघं एकमेकांच्या गळ्यात पडून इतके रडलो, की ड्रायव्हरनं दोनदा मागं वळून बघितलं. वाळूज आलं तेव्हा मी नाक पुसलं आणि म्हणालो, आता तळ्याच्या कडेनं जाळी बांधून घेऊ, पावसाळ्यात बोटुकली येईल.

दिलीपचं रडणं नळ बंद करावा तसं थांबलं. त्यानं खांद्यावरचा हात काढला, ड्रायव्हरला जीप थांबवायला सांगितली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसला. घर येईपर्यंत मला फक्त त्याचं डोकं दिसत होतं, तेही ताजं भादरलेलं.

इथवर निदान दोनच अर्थ होते. तिसरा तेराव्याला उगवला. गोडाचं जेवण होतं, मांडवात दीडशे माणूस. पंगत बसायच्या आधी आत्या उठली, माझ्यासमोर आली आणि काही कळायच्या आत तिनं तुळशीची माळ माझ्या गळ्यात घातली. मग पंगतीकडे वळून तिनं सांगितलं, की माझा भाऊ मरताना भास्करला म्हणाला, मासं-मटण सोड, आन् ह्या लेकरानं कावळ्यासमोर शबूद दिला. (लेकराचं वय चोपन्न.) दीडशे लोकांनी हात जोडले. माझा पाय तिथंच शेणात रुतल्यासारखा झाला. मी वाकून आत्याच्या पाया पडलो, आणि त्या क्षणी रविवारचं मटण माझ्या आयुष्यातून गेलं.

रात्रीची आवराआवर करताना सुमननं मटणाचं पातेलं माळ्यावर टाकलं. मी तिला विचारलं, तुला काय वाटतं, आप्पांना काय म्हणायचं असेल? ती म्हणाली, "मला कशाला विचारता? तुमचं सगळं कावळ्याला विचारून चालतंय."

पुढचे दिवस वाईट गेले. भेटायला येणाऱ्यांना सगळी हकिगत सांगावी लागायची, आणि प्रत्येक जण विचारायचा की नेमकं कसं म्हणाले? मग मी खुर्चीत मागं रेलायचो, डोळे अर्धे मिटायचो आणि आप्पांच्या आवाजात म्हणायचो, "सोड." ऐकणाऱ्यांचे दोन तट पडायचे. एक निवृत्त गुरुजी म्हणाले, 'सो'वर जोर असेल तर तळ्यात, 'ड'वर असेल तर नाद. दुसरे गुरुजी म्हणाले, उलट. मग मी न्हाणीघरात दार लावून दोन्ही प्रकारांची तालीम करायला लागलो. एकदा माझं 'सोड' इतकं हुबेहूब निघालं, की शेजारच्यांच्या कुत्र्यानं तोंडातली चप्पल खाली टाकली. शेजारीण सुमनकडे येऊन हळूच विचारून गेली, की भाऊंना फार लागलंय का.

लागलं होतं. पण ते आप्पांचं होतं तसं दिलीपचंही होतं. दर आठ-पंधरा दिवसांनी तो मोसंबीचं पोतं घेऊन मुकुंदवाडीला यायचा, दारात गाडी लावून 'वयनी, च्या टाका' म्हणायचा. ते थांबलं. मी फोन केला की त्याची बायको उचलायची आणि सांगायची, बागेत गेलेत. एवढा वेळ बागेत कुणी माळीसुद्धा नसतो. मग ज्येष्ठात एके दिवशी आत्या निरोप घेऊन आली. दिलीप म्हणत होता, वाटणी करू. तळं दादाला जाऊ द्या, बाग मला.

मी तो निरोप ऐकला आणि माझं जेवण तसंच राहिलं. तळ्याशिवाय बाग म्हणजे दोन उन्हाळ्यांत सरपण, हे दिलीपला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. बागेशिवाय तळं म्हणजे मिशाळ माशांचा खड्डा. आणि दिलीपशिवाय मी म्हणजे नुसते सल्ले. आमच्या तीन पिढ्यांत सातबाऱ्यावर रेघ पडली नव्हती. दुष्काळात पडली नाही, बायकांच्या भांडणात पडली नाही, ती आता एका माशानं पडणार होती.

तुम्ही म्हणाल, मग द्यायचा होता नाद सोडून. सुमनही हेच म्हणाली. मासा काही माझा पाहुणा नव्हता. पण मी मागूर सोडून दिले असते तर त्याचा अर्थ असा झाला असता, की आप्पा मला शेवटी जे बोलले तेही 'नाही'च होतं. जन्मभरात त्यांनी एकदा माझ्याकडे बघून हो म्हटलं होतं. तेवढं एक मला हवं होतं. हे मी कुणाला सांगू शकत नव्हतो, म्हणून मागुराच्या मिशांबद्दल बोलत होतो.

मार्ग आत्यानंच काढला. आषाढ लागला होता आणि बोटुकलीवाल्याचा फोन येऊन गेला होता, की गुरुवारी दुपारी पक्कं सांगा, नाहीतर माल दुसरीकडं देतो. बुधवारी आत्या म्हणाली, "आरं, तुमच्या दोघांचं जाऊ द्या. दवाखान्यात शेजारच्या खाटंवर कोन व्हतं?"

शेजारच्या खाटेवर युसूफचाचा होते. छावणीत फौजी वर्दी शिवणारे म्हातारे शिंपी. पाय मोडला होता म्हणून पाय वर टांगून पंधरा दिवस पडून होते. त्यांना ऐकण्याखेरीज दुसरं काम नव्हतं आणि त्यांचं कुणाशी देणंघेणंही नव्हतं. असा साक्षीदार कोर्टातही मिळत नाही. आत्यानं दिलीपला बोलावून घेतलं आणि दोघांकडून कबूल करून घेतलं. चाचा जे सांगतील ते आप्पांनी सांगितलं असं धरायचं. तळ्यात सोड म्हणाले असतील तर दिलीपनं मुकाट्यानं पिल्लं येऊ द्यायची. नाद सोड म्हणाले असतील तर मी उभ्या जन्मात मागुराचं नाव काढायचं नाही. दोन्हीपैकी काहीही असो, वाटणीचा शब्द पुन्हा निघणार नाही. दिलीपनं मान हलवली, पण माझ्याकडे बघितलं नाही.

गुरुवारी दुपारी आम्ही तिघं रिक्षानं छावणीत गेलो. दिलीप पुढं ड्रायव्हरजवळ अर्धा बाहेर लटकत बसला, मागं माझ्याशेजारी जागा होती तरी. क्रांती चौकात सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा मला वाटलं, आत्ता तो काहीतरी बोलेल. तो समोरच्या बसवरची पाटी वाचत राहिला.

चाचांचं दुकान म्हणजे एक मशीन, एक खाट, एक कपाट आणि खुंट्यांवर टांगलेल्या आठ-दहा वर्द्या. चाचा काठी बाजूला ठेवून एका शर्टाला बटणं लावत होते. चष्म्यावरून माझ्याकडे बघून त्यांनी लगेच ओळखलं. "अरे, मछलीवाले! आओ." मग आप्पांचं विचारलं, आणि मी सांगितल्यावर हातातलं काम थांबवलं. आत्याला स्टूल दिलं. मी त्यांच्या अगदी जवळ खाटेवर टेकलो. दिलीप दारातच उभा राहिला.

आमची भानगड त्यांना समजावून सांगायला पंधरा मिनिटं लागली, कारण आम्ही तिघंही एकदम सांगत होतो. कावळ्याचं ऐकून त्यांनी दोनदा दाढीवरून हात फिरवला. शेवटी दिलीपनंच दारातून विचारलं, "चाचा, आप्पा सोड बोले, ये तुमने सुना ना? तो वो कैसा बोले? पानी में सोड, की सोड दे?"

"हौ, सुना ना," चाचा म्हणाले. "पैर लटका के पड़ा था, जाता कहाँ? ये तुम्हारे भाई घंटाभर मछली की बातां कर रे थे. मेरे को तो उसकी मूछां भी याद हो गई."

"मंग?"

चाचांनी माझ्याकडे बघितलं. सांगावं की नाही असा त्यांचा चेहरा झाला होता. मी म्हटलं, चाचा, जे असेल ते सांगा, माझा भाऊ वेगळा होतोय.

"पानी में भी नई, और सोड दे भी नई, मियाँ," ते हळू म्हणाले. "हाथ. हाथ सोड बोल रे थे वो. तुम उनका सुईवाला हाथ पकड़ के बैठे थे. सलाईन की सुई. पूरा हाथ सूज गया था उनका. दो बार बोले. एक बार तुम सुने."

बाहेरून एक ट्रक गेला आणि वर्द्यांची बटणं किणकिणली. मला तो हात आठवला. मी तो केव्हा धरला होता ते आठवेना, पण धरला होता खरा. चोपन्न वर्षांत मी बापाचा हात पहिल्यांदा धरला, आणि नेमका तोच धरला. मागूर त्यांच्या डोक्यात नव्हतेच. कदाचित त्या दिवशी काय, वर्षभर नव्हते.

मी विचारलं, "मग मी सोडला का?"

"नक्को पूछो."

"सांगा, चाचा."

"तुम तो खुश हो गए," चाचा म्हणाले. "और कस के पकड़े. रोने लगे. फिर अब्बा कुछ नई बोले. दूसरा हाथ उठा के तुम्हारे सर पे फेरते रहे, तुम चुप हुए वहाँ तक."

मला तेही आठवलं. डोक्याला काहीतरी लागत होतं हे मला त्या वेळी जाणवलं होतं. मला वाटलं, सलाईनची नळी लोंबतेय. मी ती दोनदा बाजूला सारली होती.

सगळ्यांत आधी आत्या सावरली. म्हणाली, "ते काय बी आसो, घातलेली माळ निघत नसती." मग दारातून एक विचित्र आवाज आला. मला वाटलं दिलीपला ठसका लागला. तो हसत होता. चौकट धरून, खाली बसून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होता, आणि हसता हसता ते कधी बदललं ते कळलं नाही. आत येऊन तो माझ्याजवळ जमिनीवर बसला आणि गुडघ्यात तोंड घालून हुंदके द्यायला लागला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. माझ्या हातांवरचा माझा विश्वास उडाला होता.

एवढ्यात माझा फोन वाजला. फोन मशीनवर ठेवला होता. मला उचलणं शक्यच नव्हतं, म्हणून दिलीपनं उचलला. बोटुकलीवाला होता. पिशव्यांत पाणी भरून तयार होतं, टेम्पो उभा होता, आणि तो विचारत होता की गाडी सोडू का. दिलीपनं शर्टाच्या बाहीनं नाक पुसलं, माझ्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि फोनमध्ये म्हणाला, "सोडा."

मागुराच्या सबंध प्रकरणात हा एकच असा 'सोडा' होता, ज्याचा दुसरा अर्थ निघत नव्हता, आणि तो मी ऐकला नाही. मला तो घरी आल्यावर आत्याकडून कळला. कारण त्या वेळी मी युसूफचाचांचा हात दोन्ही हातांत घट्ट धरून रडत होतो, आणि ते बिचारे, आत्याच्या सांगण्याप्रमाणं, चौथ्यांदा म्हणत होते, "मियाँ, छोड़ो. सुई है हाथ में."